गेजबाई आणि आठ टॅपेट

"एक केस दे गं," म्हणत विमलमावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी न्हाऊन गॅलरीत केस वाळवत होते. अंबरनाथला आमची आणि साळव्यांची बिऱ्हाडे एकाच जिन्याच्या दोन बाजूंना होती. वाटीभर साखर, चार कढीलिंबाची पाने, गॅसचा लायटर असे काहीबाही मागायला आणि परत करायला दोन्ही दारे दिवसभर उघडी असत. पण केस आजवर कोणी मागितला नव्हता. मी एक उपटून दिला. मावशींनी पर्समधून पांढऱ्या मलमलीची घडी काढली, झोपलेल्या बाळाचे दुपटे बाजूला करावे तशी ती उलगडली, आणि आतून घोड्याच्या नालासारखे वाकलेले एक चकचकीत उपकरण निघाले. त्याच्या दोन जबड्यांत माझा केस धरून त्यांनी मागची कळ फिरवली. टिक, टिक, टिक असा आवाज झाला. दुसऱ्या खोलीत पाल चुकचुकावी इतका बारीक. एक डोळा मिटून त्यांनी आकडा वाचला.

"सत्तर मायक्रॉन. जाड आहे तुझा. काकांचा लग्नात ऐंशी होता."

आतून साळवेकाकांचा आवाज आला, "आता किती आहे ते नको सांगूस तिला."

"आता मोजायला काही शिल्लक असेल तर सांगेन ना!"

तो मायक्रोमीटर त्यांना आदल्याच आठवड्यात, निवृत्तीच्या समारंभात मिळाला होता. सहकाऱ्यांनी आधी घड्याळ आणायचे ठरवले होते. मावशी म्हणाल्या होत्या, "घड्याळ कशाला? उशीर व्हायला आता जायचंय कुठं? द्यायचंच तर मोजायला काहीतरी द्या." मग मखमलीचे अस्तर लावलेल्या लाकडी पेटीतून तो आला. पेटी त्यांनी सुई-दोऱ्यासाठी घेतली, आणि मायक्रोमीटरला स्वतःच्या रुमालात जागा दिली.

चौतीस वर्षे त्या अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात, मापखोलीत होत्या. कारखान्यात तयार होणारे भाग ज्या साधनांनी तपासतात त्यांना गेज म्हणतात. आणि ती साधनेच मुळात बरोबर आहेत का, हे मापखोलीत तपासले जाई. म्हणून सारी वसाहत त्यांना गेजबाई म्हणे. मापखोली बारमाही गार ठेवलेली असे. बाहेर एप्रिलचे ऊन पत्रे तडतडवत असले तरी आत वीस अंश. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात गेजबाई लोकरीची शाल घेऊन कामाला निघत. नवा रिक्षावाला आरशातून पाहत विचारी, "मावशी, ताप आलाय का? दवाखान्यात घेऊ?"

त्यांच्या हातांना शिवणयंत्राच्या तेलाचा आणि चंदनाच्या साबणाचा मिश्र वास येई. बोटे आखूड, पेरे गोल. पण त्या बोटांना जे कळे ते माझ्या डोळ्यांना कधी कळले नाही. वहीचे पान चिमटीत धरून त्या त्याची जाडी सांगत. त्यांच्या चपात्या एकावर एक रचल्या की बाजूने एकच सरळ रेघ दिसे. बोलण्यात मात्र त्या मुळीच काटेकोर नव्हत्या. मोठ्याने हसत, बोलताना समोरच्याच्या दंडावर चापट मारत, आणि काकांची थट्टा करण्याची एकही संधी वाया जाऊ देत नसत. फक्त एका बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे. कोणी "साधारण एवढं असेल" म्हटले की त्या थांबत आणि म्हणत, "अंदाज सांग, हरकत नाही. पण अंदाजावर सही करू नको."

त्यांची दुसरी ओळख खाली आवारात उभी असे: साईच्या रंगाची, गोल डोळ्यांची एक पद्मिनी मोटार. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मावशींनी ती घेतली आणि तिच्यावरच त्या चालवायला शिकल्या. काकांना गाडी येत नसे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य काढलेला तो शांत माणूस शेजारच्या सीटवर बसे आणि वळण आले की खिडकीतून हात बाहेर काढून दाखवी, कारण गाडीचा डावा दिवा लागेलच याची खात्री नसे. आमच्या इमारतीतल्या चार बाळंतिणी त्या गाडीने वेळेत दवाखान्यात पोचवल्या होत्या. जयंतीच्या मिरवणुकीत तिच्या बोनेटवर निळा झेंडा फडफडे, छतावर कर्णा असे, आणि चालकाच्या जागेवर पांढऱ्या साडीतल्या गेजबाई सम्राज्ञीसारख्या, ताशी चार किलोमीटरने.

पण त्या जूनमध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत होती. पंधरा वर्षांची गाडी पुन्हा आरटीओला दाखवावी लागते. तपासणीत उतरली तर आणखी पाच वर्षे, नाहीतर भंगार. आणि पद्मिनी हल्ली निळा धूर सोडत होती, चढावर दमत होती. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, देऊन टाक तिला. वय झालं आता."

मावशी फोन ठेवून खिडकीशी गेल्या आणि खाली गाडीकडे पाहू लागल्या. मी तिथेच बसले होते. मग त्या बोलल्या, माझ्याशी की गाडीशी कोण जाणे.

"मला कारखान्यानं का घरी बसवलं? हात कापायला लागला म्हणून? नजर गेली म्हणून? साठ झाले म्हणून! एकदा तरी कोणी मोजून बघितलं का? वय हा कशाचाच गेज नाही. आधी मोजा, मग बोला."

तपासणीला पंचवीस दिवस उरले होते.

माझी शाळेची नोकरी नवी होती आणि मे महिन्याची सुट्टी रिकामी होती. माझे अक्षर बरे म्हणून मावशींनी मला मापे लिहून घ्यायला बरोबर घेतले. "मास्तरीणबाई," त्या मला म्हणत, "कविता पुष्कळ लिहिल्यात, आता आकडे लिहा. आकड्यांत यमक जुळलं की मला हाक मारा."

बदलापुरात बाळाराम मिस्त्रींचे गॅरेज एका जांभळाच्या झाडाखाली होते. वरच्या पत्र्यावर टप्, टप् अशी जांभळे पडत, आणि ग्रीसच्या काळ्या डागांत त्यांचे जांभळे डाग मिसळून जात. मिस्त्री नदीकाठच्या गावचे. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगे. त्यांनी इंजिन उतरवून उघडले आणि कपाळावर हात मारला.

"बाई, मना विचाराल तं ह्याचा सगलाच बदलाचा. पिस्टन नवीन, कॅम नवीन, सगला नवीन."

"सगळंच बदललं तर मग राहिलं कोण, बाळाराम?"

"तुमची गारी राहील ना!"

"पत्रा राहील. गाडी नाही राहणार."

मग त्या स्टुलावर बसल्या. आनंदनगर एमआयडीसीत वर्कशॉप चालवणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून त्यांनी मोठी मापयंत्रे मागून आणली होती. दोन दिवस त्या इंजिनाचा एकेक भाग मांडीवर घेत, पुसत, कुरवाळत, उजेडाकडे धरत आणि आकडा सांगत. मी लिहीत होते. उघडलेल्या इंजिनाला एक जडसर, गोडसर वास असतो; जळलेल्या तेलाचा, लोखंडाचा, आणि कुठल्यातरी जुन्या प्रवासांचा. त्या वासात बसून मला पहिल्यांदा कळले की झीज ही सगळीकडे सारखी नसते. पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या एकाच पोकळीत समोरच्या बाजूला ती अधिक होती, मागच्या बाजूला जवळजवळ नव्हतीच.

"झिजलं म्हणजे संपलं नाही," मावशी म्हणाल्या. "किती झिजलं, कुठं झिजलं, आणि कोणाच्या संगतीनं झिजलं, ते विचारायचं."

निवाडा झाला. पिस्टन राहतील. त्यांच्याभोवतीच्या रिंगा बदलायच्या, धूर त्यांच्यामुळे आहे. बेअरिंगे बदलायची, सगळी गॅस्केटे बदलायची. आणि कॅमशाफ्ट राहील. कॅमशाफ्ट हा उंचवटे असलेला एक लांब दांडा; तो फिरला की त्याचे आठ उंचवटे बोटाच्या पेराएवढ्या आठ पोलादी नळकांड्यांना खालून उचलतात आणि ती नळकांडी वरच्या झडपा उघडतात. या नळकांड्यांना टॅपेट म्हणतात. पंधरा वर्षे प्रत्येक टॅपेट आपल्या एकाच उंचवट्यावर घासत आलेले असते. दोघांचे चेहरे एकमेकांसाठीच घडलेले असतात. म्हणून मावशींनी किराणा दुकानातून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला, त्याच्या खळग्यांत पेन्सिलीने एक ते आठ आकडे घातले आणि ज्या जागेचे टॅपेट त्याच खळग्यात ठेवले.

सुट्या भागांसाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. हासानंदसेठचे दुकान दोन हात रुंद आणि वीस हात खोल होते. छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी, आणि त्या खोक्यांच्या घळीच्या तोंडाशी पंख्याखाली हसतमुख, घामेजलेले सेठ.

"साईं, बेअरिंग दाखवा. स्टँडर्ड मापाचे."

"ये लो बाई. एकदम ओरिजिनल. डब्बा देखो, डब्बा!"

"डबा इंजिनात घालायचा नाहीये मला."

मावशींनी सहा संच उघडले, स्टीलच्या ताटात मांडले, शेजारी रुमाल पसरून मायक्रोमीटर ठेवला, आणि हात जुळवून बसून राहिल्या. सेठ वाट पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही.

"अब किसका इंतजार है?"

"अर्धा तास थांबायचं. माल आत्ता उन्हातून उतरला, मीही उन्हातून आले. आधी सगळे एका तापमानाला येऊ द्या. गरम वस्तू खोटं बोलते."

"अरे बाई, ये दुकान है, वेटिंग रूम नहीं है!"

काकांनी शांतपणे पिशवीतून वर्तमानपत्र काढले. पार्सल ऑफिसात घडलेला माणूस. वाट पाहणे हेच त्याचे कौशल्य. दहा मिनिटे गेली. सेठ उठले, बसले, एका गिऱ्हाइकाला फॅनबेल्ट दिला. मग समोरच्या टपरीवर ओरडून त्यांनी चार प्लेट दाल-पकवान मागवले. पकवान मोडल्याचा कुरकुरीत आवाज, वर चिंचेची आंबटगोड धार, आणि पंख्याखाली निवांत थंड होत पडलेली ती चकचकीत बेअरिंगे. अर्ध्या तासाने मावशींनी हात धुऊन पुसले आणि मोजायला घेतले. सहापैकी चार संच त्यांनी बाजूला सारले.

सेठ शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल असे ओरडले, "नाप नाप के मेरा माल पतला कर दिया बाई ने!"

"पातळ आधीच होता, साईं. मी फक्त सांगितलं."

ते खो-खो हसले. पण आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "वो जो एक सेट पास हुआ, जो आपने नहीं लिया... उसको अलग रखूं?" आणि त्यांनी तो बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला.

यानंतर जे घडले ते माझ्या हातून घडले, म्हणून ते सांगायलाच हवे.

तपासणीला नऊ दिवस होते. बाळाराम मिस्त्री भाचीच्या हळदीला गावी गेले होते. मावशी आणि काका रिंगा घासून बसवण्याच्या कामासाठी एमआयडीसीत गेले होते. गॅरेजमध्ये मी एकटी, आणि समोर अंड्यांच्या ट्रेमध्ये ती आठ टॅपेट, काळपट, चिकट, पोरक्या मुलांसारखी. मला त्यांची दया आली. मी घमेल्यात रॉकेल ओतले, जुना टूथब्रश घेतला, आणि एकेकाला न्हाऊ घातले. काळेपणा सुटून खालचे पोलाद उजळू लागले तसा मला आनंद झाला. जुन्या साडीच्या तुकड्यावर ती वाळवली. ट्रे तेलाने भिजला होता, आत लिहिलेले आकडे दिसत नव्हते; ते आकडे होते हेही त्या उत्साहात मला आठवले नाही. मी टॅपेट परत मांडली, सर्वात लखलखीत आधी, मग त्याहून मंद, मग त्याहून. चकाकीच्या क्रमाने. मला ती कवितेच्या एखाद्या ओळीसारखी सुंदर वाटली.

मावशी आल्या. ट्रेकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा ट्रेकडे.

"विमल, पाणी घे," काका म्हणाले.

पत्र्यावर एक जांभूळ पडले. मला माझ्या चुकीचा अर्थ तेव्हा, त्या आवाजासरशी, लख्ख कळला. मावशी स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पदराने ओठ पुसून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुम्ही वर्गाची हजेरीच पुसलीत की! आता प्रत्येकाला नाव विचारत बसावं लागणार."

आणि त्यांनी खरोखरच विचारले. एक टॅपेट तेलात बुडवायचे, इंजिनातल्या एका भोकाच्या तोंडाशी धरायचे, आणि सोडून द्यायचे. ते आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरे आणि तळाशी पोचताना हवा निसटल्याचा एक इवलासा सुस्कारा ऐकू येई. फार वेगाने उतरले तर ते घर त्याचे नव्हे. अडून बसले तरी नव्हे. मग भिंगाखाली त्याचा तळवा पाहायचा, कॅमच्या उंचवट्यावरची रेघ पाहायची, ताडून घ्यायचे. ती सबंध दुपार आम्ही तिघे ते सुस्कारे ऐकत बसलो होतो. मी रडवेली होते, पण मावशींचा चेहरा कारखाना सुटल्यापासून इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. "हा बघ, हा तीन नंबर! ओळखला! डाव्या अंगानं झिजलाय, काकांसारखा!"

उन्हे कलली तेव्हा पाच ओळखू आली होती.

"पाच खात्रीची. तीन अंदाजाची," मावशींनी ट्रे बाजूला सरकवला. "आणि अंदाजावर मी चौतीस वर्षांत सही केलेली नाही. आठच्या आठ नवी घ्यायची."

"मग कॅमपण नवा?" मी विचारले.

"कॅम राहणार. बाजारातल्या नव्यापेक्षा तो चांगला आहे. नव्या टॅपेटला जुना कॅम चालतो. जुन्या टॅपेटला मात्र नवा कॅम चालत नाही."

दुसऱ्या सकाळी हासानंदसेठसमोर हेच वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले, तेव्हा सेठ खुशीत आले. "बराबर! जैसे नई बहू पुराने घर में—"

"बहूला घासून गुळगुळीत करायचं नसतं, साईं. तुमची आत बसून ऐकतेय."

खोक्यांच्या घळीतून, अगदी आतून, बांगड्यांचा आणि दाबलेल्या हसण्याचा आवाज आला.

अठ्ठेचाळीस टॅपेट ताटात मांडली गेली. अर्धा तास झाला. दाल-पकवान या वेळी न मागताच आले. मावशी मोजू लागल्या. प्रत्येक टॅपेट तीन ठिकाणी मोजायचे, वळवायचे, नखाने वाजवून ऐकायचे, तळवा काचेवर टेकवून खालून उजेड डोकावतो का ते पाहायचे. पास झालेले उजवीकडे, नापास डावीकडे. डावीकडचा ढीग वाढत गेला तसे सेठचे हसू मावळत गेले. अठ्ठेचाळीस संपली. उजवीकडे सहाच होती.

"दो कम हैं तो क्या हुआ," सेठ म्हणाले, "उन्नीस-बीस चलता है, बाई."

"उन्नीस-बीस चालत असतं, तर मी चौतीस वर्षं शाल घेऊन कशाला बसले असते?"

त्या उठल्या नाहीत. रागावल्या नाहीत. फक्त सहा टॅपेटांवरून हळूच बोट फिरवत राहिल्या. तेव्हाच पहिल्यांदा त्यांच्या वयाची सगळी वर्षे मला त्यांच्या खांद्यांवर दिसली. आठ दिवस होते. दुसरीकडे शोधायचे म्हटले तर मुंबई, आणि तिथे अठ्ठेचाळीसातून सहा तरी निघतील याचा भरवसा नव्हता. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

सेठनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, काहीतरी सिंधीत पुटपुटले, आणि शिडी लावून छतापर्यंत चढले. वरून धूळ पडली. ते उतरले तेव्हा त्यांच्या हातात वडिलांच्या वेळची एक पत्र्याची पेटी होती. आत मेणकागदाची दोन लहान पुडकी. तपकिरी, चुरगळलेली, घड्यांवर पांढरी झालेली. उघडली तेव्हा पिवळट ग्रीसचा घट्ट थर, आणि त्याचा जवसाच्या तेलासारखा उग्र, जुना वास.

"बाबूजी के टाइम का है. बोलते थे, इसको आखिर में बेचना. मैं भूल ही गया था."

मावशींनी ग्रीस पुसले. आतून दोन टॅपेट निघाली. अशी की जणू आजच सकाळी कोणी घडवून ठेवली होती. त्यांनी ती ताटात ठेवली आणि हात जुळवून बसल्या.

"अब क्या?"

"अर्धा तास."

"अरे बाई!" हासानंदसेठ कळवळून ओरडले. "ये तीस साल से इसी दुकान के टेंपरेचर में बैठे हैं!"

मावशी हसल्या. डोळ्यांत पाणी येईतो, काकांच्या दंडावर चापट मारत, ताट खणखणेल इतक्या हसल्या. आतली सून हसली, समोरचा टपरीवाला हसला. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि अर्धा तास थांबल्या. मग मोजले. पहिले. दुसरे. आणि दोन्ही उजवीकडे सारली.

सेठनी जाताना नापास ढीग पुन्हा खोक्यात भरला, पण त्यातून मावशींनी "दुसऱ्या मोठ्या भोकाला चालतील" म्हटलेली चार तेवढी बिस्किटांच्या डब्यात टाकली. पुढे त्या डब्याचे मोठे नाव झाले म्हणे. उल्हासनगरचे मिस्त्री दुकानाशी येऊन विचारू लागले, "बाईच्या डब्यातलं काही आहे का?" ज्यांनी डब्यावर कधी विश्वास ठेवला नाही, त्यांच्या नावाचा डबा झाला.

इंजिन जुळले. नव्या टॅपेटांनी आपापल्या घरात उतरताना आठ सुस्कारे टाकले. बाळाराम मिस्त्रींनी नारळ पुढे केला. "बाई, फोराचा ना?"

"फोड, पण चालू झाल्यावर. आणि खोबरं चटणीला ठेव, गटारात नको."

मावशींनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकले, थांबले, आणि मग सुरू झाले. आधी अडखळत, मग सावरून, आणि मग एका लयीत. तव्यावर मोहरी तडतडून शांत व्हावी आणि फोडणीचा वास तेवढा दरवळत राहावा, तसा तो आवाज स्थिरावला. मागे जाऊन काकांनी धुराच्या नळीच्या तोंडाशी आपला पांढरा रुमाल धरला आणि तो उंच करून सगळ्यांना दाखवला. त्यावर तेलाचा एकही डाग नव्हता. बाळाराम मिस्त्री नारळ फोडायचे विसरून नुसते ऐकत उभे होते.

आरटीओच्या मैदानात मीही गेले होते. तरुण निरीक्षकाने बोनेट उघडले, कान लावला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, इंजिन नवीन टाकलंय का? मग कागदावर तशी नोंद लागेल."

"नंबर बघा की, साहेब. तोच आहे."

त्याने वाकून ब्लॉकवर कोरलेला नंबर वाचला, कागद पाहिला, पुन्हा वाचला. "आवाज तर नव्याचा आहे."

"वय झालंय तिचं," मावशी अतिशय नम्रपणे म्हणाल्या. "पण झीज लिमिटमध्ये आहे."

त्याने सही केली. पाच वर्षे. परतीच्या वाटेवर काकांनी वळण नसतानाही खिडकीबाहेर हात काढला होता, वाऱ्याला लावण्यासाठी.

पुढे माझी बदली झाली, लग्न झाले, अंबरनाथ सुटले. मावशींना मी शेवटचे पाहिले ते त्यानंतर पाच वर्षांनी, बदलापुरात, त्याच जांभळाखाली. पुढच्या तपासणीचे दिवस आले होते आणि पद्मिनी तिथे असणार हे मला ठाऊक होते. काका वर्तमानपत्र घेऊन स्टुलावर होते. बाळाराम मिस्त्रींचे केस पिकले होते. मावशी गाडीच्या मडगार्डवर कोपर टेकवून एक बेअरिंग मोजत होत्या, आणि मी दुरूनच पाहिले की त्यांचा उजवा हात हलतो आहे. अगदी थोडा. पाण्यावर पान हलावे तसा.

मी जवळ गेले. त्याच बोलल्या. "दिसलं ना तुला? आहे थोडा कंप. म्हणून आता तीनदा मोजते. तिन्ही आकडे जुळले तरच सही." मग दंडावर ती ओळखीची चापट. "एक केस दे बघू."

मी दिला. टिक, टिक, टिक. तीनदा.

"अडुसष्ट. दोन गेले, मास्तरीणबाई. पण आहात, लिमिटमध्ये आहात!"

"आणि तुझा?" काकांनी पेपरामागून विचारले.

मावशी थबकल्या. मग कानामागून स्वतःचा एक केस उपटून त्यांनी जबड्यांत धरला. पांढरा, उन्हात जवळजवळ न दिसणारा. कोपर पुन्हा टेकवला, श्वास रोखला, आणि कळ फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"किती?" काकांनी विचारले.

"तिन्ही वेळा एकच," मावशी म्हणाल्या. आकडा त्यांनी सांगितला नाही. केस वाऱ्यावर सोडून दिला, मायक्रोमीटर मलमलीत गुंडाळला, आणि त्या चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. इंजिन किल्लीच्या पहिल्या फेऱ्यातच सुरू झाले. बोनेटवरून दोन जांभळे घरंगळली. फाटकाशी पोचताच खिडकीतून काकांचा हात बाहेर आला, डावीकडे, आणि गाडी त्या हाताच्या मागोमाग वळली.